‘कमल’ चाललं, ‘शालिनी’ का अडलं? फोनमधल्या मराठीमागचं न दिसणारं काम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता झालेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुली’ थोडे कमी केलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मावशीचा फोन

मागच्या वर्षी माझ्या मावशीने शिवणकामाचा तीन महिन्यांचा कोर्स केला. वय वर्षं ५३. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्रासाठी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा होता, मराठीत. मावशी रोज व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिते, त्यामुळे तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पहिला रकाना, नाव. तिने लिहिलं ‘शालिनी’. खाली लाल रंगात ओळ आली: ‘कृपया फक्त अक्षरे वापरा.’

तिने पुसून पुन्हा लिहिलं. तेच. मधे चुकून स्पेस पडली असेल म्हणून ती काढली. तेच. फोन बंद करून चालू केला. तेच. वीस मिनिटांनी मला फोन आला. म्हणाली, “अरे, मला माझं नावसुद्धा नीट लिहिता येत नाही वाटतं. शेजारच्या कमलकाकूंचं पहिल्या झटक्यात गेलं. ‘कमल’ पण गेलं आणि ‘कदम’ पण गेलं. माझंच काय वाकडं आहे?”

मी घाईत होतो. म्हटलं, “मावशी, इंग्लिशमध्ये टाक ना.” तिने टाकलं, ते गेलं. तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. फॉर्ममधलं इंग्रजी नाव कुठल्यातरी यंत्राने परत मराठीत आणलं होतं, त्यामुळे त्यावर छापलं होतं ‘शलिनि’. तिचं आयुष्यातलं ते पहिलं प्रमाणपत्र. तिने ते कपाटात ठेवलंय. भिंतीवर लावलेलं नाही.

तर आजचा प्रश्न हा आहे: ‘कमल’ चाललं आणि ‘शालिनी’ का चाललं नाही? उत्तर छोटं आहे. पण ते कळायला आधी दुसरी एक गोष्ट बघावी लागेल. तुम्ही फोनवर मराठी लिहिता तेव्हा काचेच्या आत नेमकं काय होतं?

चांगलं तंत्रज्ञान दिसत नाही

१९९१ च्या सप्टेंबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्क वायझर नावाच्या संशोधकाचा एक लेख आला. वायझर झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात काम करायचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जे तंत्रज्ञान खरोखर मुरतं, ते नजरेआड होतं. ते आपल्या रोजच्या जगण्यात इतकं मिसळून जातं की आपण ते वापरतोय हेच विसरतो. गंमत म्हणजे त्यांनी यासाठी दिलेलं पहिलं उदाहरण लिखाणाचं होतं. दुकानाची पाटी, रस्त्यावरचा फलक, चॉकलेटचं वेष्टन, सगळीकडे अक्षरं असतात आणि आपण ती सहज वाचत जातो. ‘मी आता वाचन करतोय’ असं कोणी म्हणत नाही.

पटतं ना? बटण दाबलं की दिवा लागतो. जनित्र, उच्चदाबाच्या तारा, डीपी, यातलं काहीही आपल्या डोक्यात येत नाही. दिवा गेला की मात्र सगळं आठवतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नजरेआड होतं म्हणजे काम संपतं असं नाही. ते काम कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. आणि सगळ्यांसाठी ते एकाच वेळी केलेलं नसतं. संगणकावर इंग्रजी लिहिणाऱ्याला अक्षरांचा विचार फारसा कधी करावाच लागला नाही. संगणकावर अक्षरं साठवण्यासाठी अमेरिकेत १९६० च्या दशकात ‘आस्की’ नावाचं कोष्टक ठरलं. त्यात फक्त १२८ जागा होत्या, आणि इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं त्यात आरामात बसली. मराठीसाठी त्यात एकही जागा नव्हती. आपली अक्षरं आत आणावी लागली, एकेक करून. ती कशी आली ते आता बघू.

आधी एक प्रयोग

फोन हातात आहेच. मराठी कीबोर्ड उघडा, म्हणजे ज्यावर थेट क, ख, ग दिसतात तो, आणि टाईप करा: ‘हार्दिक’. वाढदिवसाला आपण दिवसात दहा वेळा पाठवतो तो शब्द.

डोळ्यांना किती अक्षरं दिसतात? तीन. हा, र्दि, क. आता एकेकदा बॅकस्पेस दाबत शब्द पुसा आणि मोजा. बहुतेक फोनवर तीन वेळा दाबून भागणार नाही, सात वेळा दाबावं लागेल. कारण फोनच्या लेखी त्या शब्दात सात गोष्टी आहेत: ह, काना, र, पाय मोडल्याची खूण, द, ऱ्हस्व वेलांटी आणि क.

फोनला चित्र कळत नाही, आकडे कळतात. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक कायमचा क्रमांक दिलेला आहे. त्या यादीचं नाव युनिकोड. त्यात ‘ह’ चा क्रमांक २३६१, कान्याचा २३६६, ‘र’ चा २३५२, पाय मोडल्याच्या खुणेचा २३८१, ‘द’ चा २३४२, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७ आणि ‘क’ चा २३२५. तुम्ही ‘हार्दिक’ पाठवता तेव्हा हवेतून जातात ते हे सात आकडे. समोरच्याचा फोन त्यांच्यावरून तो शब्द पुन्हा रंगवतो.

आता क्रम नीट बघा. तुम्ही वेलांटी ‘द’ च्या नंतर दाबली. पण पडद्यावर ती ‘द’ च्या आधी उभी आहे. ‘र’ तुम्ही ‘द’ च्या आधी दाबला. पण तो रफार होऊन ‘द’ च्या डोक्यावर जाऊन बसलाय. म्हणजे नंतर आलेला पुढे गेला आणि आधी आलेला वर चढला. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं, आणि तुम्हाला काही जाणवलंच नाही.

जुन्या मराठी टाईपरायटरवर असं नव्हतं. तिथे जसं दिसतं तसं ठोकायचं. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर नंतर. युनिकोडने उलटं ठरवलं: माणूस जसा उच्चार करतो त्या क्रमाने साठवायचं, आणि दिसण्याची जबाबदारी यंत्राने घ्यायची. आपण ‘दि’ म्हणतो तेव्हा आधी ‘द्’ येतो आणि मग ‘इ’. साठवणही तशीच. ऐकायला साधं वाटतं, पण याच निर्णयामुळे आज मराठीत शोधता येतं, शब्द क्रमाने लावता येतात आणि फोन मराठी वाचूनही दाखवू शकतो.

युनिकोडच्या आधी: अक्षरांचं सोंग

तुमच्यापैकी कोणी एखाद्या जुन्या कार्यालयातली किंवा प्रेसमधली मराठी फाईल आपल्या लॅपटॉपवर उघडलीय का? उघडलीत तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा आणि स्वल्पविरामांचा खिचडा दिसतो. आपल्याला वाटतं फाईल बिघडली. ती बिघडलेली नसते. त्यात मराठी कधी नव्हतीच!

शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा नावांचे फॉन्ट तुम्ही ऐकले असतील. त्या काळातली युक्ती अशी होती: संगणकाला इंग्रजीच कळतं ना? मग इंग्रजी अक्षरांनाच मराठीचा मुखवटा चढवू. आत एखादं इंग्रजी अक्षर साठवायचं आणि फॉन्टमध्ये त्याच्या जागी देवनागरी आकार काढायचा. तो फॉन्ट असेल तोवर मराठी दिसते. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. वर प्रत्येक फॉन्टचा मुखवटा वेगळा, एकात लिहिलेलं दुसऱ्यात चालेलच असं नाही.

हे करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये. पर्याय नव्हता, आणि त्याच फॉन्टवर मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका वर्षानुवर्षं निघाल्या. पण त्याची किंमत आजही मोजली जातेय. अशा फॉन्टमधून बनवलेली पीडीएफ तुम्ही डोळ्यांनी वाचू शकता. त्यात एखादा शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. आणि ज्यांना दिसत नाही, जे फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांच्या कानावर नुसती निरर्थक अक्षरं पडतात. कागद तोच असतो. एकाला तो परिपत्रक असतो आणि दुसऱ्याला नुसता आवाज.

याच काळात खोलवरचं कामही चालू होतं. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणायचं ‘जिस्ट’ हे तंत्र उभं केलं, आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाचं कोष्टक तयार झालं आणि १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून जाहीर झालं. त्याच वर्षी, वायझर यांचा लेख आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा मिळाला, आणि त्यातली मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे तुमच्या आयफोनमधल्या ‘क’ ला जो क्रमांक आहे, त्याच्या मुळाशी कानपूर आणि पुण्यातली मेहनत आहे.

क्रमांक मिळाला, पण रंगवणार कोण?

क्रमांक मिळाल्याने अर्धंच काम झालं. सात आकडे आले, आता ‘र’ ला डोक्यावर कोण चढवणार? वेलांटी पुढे कोण नेणार? च आणि छ जोडून ‘शुभेच्छा’ मधला ‘च्छ’ कोण करणार?

हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपण ‘जुळारी’ म्हणू, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला म्हणायचे तसं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स या सगळ्यांत बसलेल्या अशा एका जुळाऱ्याचं नाव आहे हार्फबझ. हे नाव फारसी शब्दांवरून आलंय. हा प्रकल्प मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही बघू शकतं, कोणीही सुधारू शकतं. आत्ता तुम्ही हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर यातलं जवळजवळ प्रत्येक जोडाक्षर त्याच्या हाताखालून आलंय. नाव आज पहिल्यांदा ऐकलंत ना? तेच तर.

जुळाऱ्याच्या हाताशी फॉन्टच नसला तर काय होतं हे आपल्या मोठ्या भावंडांना विचारा. सुरुवातीच्या स्मार्टफोनवर मराठी वेबसाईट उघडली की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. ओळीच्या ओळी, नुसते रिकामे चौकोन. त्यावर लोकांनी काढलेला तोडगा भारी होता. ऑपेरा मिनी ब्राउझरच्या एका लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन असं सांगायचं की अवघड लिप्यांचा मजकूर अक्षरांऐवजी चित्र म्हणून पाठव. मग सर्व्हरवर रंगवलेल्या मराठीचे फोटो फोनवर यायचे आणि आपण ते वाचायचो. मराठी वाचण्यासाठी मराठीचे फोटो!

त्या रिकाम्या चौकोनांना तंत्रज्ञ मंडळी ‘टोफू’ म्हणतात, सोयाबीनच्या पनीरच्या वड्यांसारखे दिसतात म्हणून. गुगलने जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी फॉन्ट करायला घेतले तेव्हा त्यांचं नावच ठेवलं ‘नोटो’, म्हणजे टोफू नको. आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ अनुसूचित भाषांमधला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी आणि आणखी निदान एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. अंमलबजावणीला त्यानंतर आणखी वेळ लागला. पण चौकोन गेले.

जुळारी चुकला तर काय होऊ शकतं? फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट. तेलुगूतलं एक विशिष्ट जोडाक्षर असलेला मेसेज आयफोनवर आला की ॲप धाडकन बंद पडायचं, आणि पुन्हा उघडायला गेलं की पुन्हा बंद. एका जोडाक्षराने जगातले महागडे फोन आडवे केले. ॲपलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. जगभरातल्या अनेकांनी तेलुगू अक्षर पहिल्यांदा पाहिलं ते त्या निमित्ताने. गोष्ट बिघडली की मगच ती दिसते, ती अशी.

आपल्या घरच्या अडचणी: ऱ आणि ॲ

देवनागरी आली म्हणजे मराठी आपोआप आली असं आपल्याला वाटतं. तसं नाही. हिंदीला ज्याची गरज पडत नाही, अशा काही गोष्टी मराठीला लागतात.

पहिली गोष्ट अर्ध्या ‘र’ ची. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांत काय फरक आहे? पहिला गुरुजींना, दुसरा स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीत रफार पुरतो. मराठीत मात्र हा आडवा, पापणीसारखा ‘र’ नसेल तर अर्थच बदलतो.

आता गंमत बघा. हा पापणीवाला ‘र’ साठवण्याचे युनिकोडमध्ये दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, जुना मार्ग म्हणजे साधा ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य चिन्ह टाकायचं, ज्याला रुंदीच नाही. दोन्ही मार्गांनी ‘शेतकऱ्यांसाठी’ अगदी सारखं दिसतं. पण आतले आकडे वेगळे. काही सर्च दोन्ही जुळवून घेतात, पण सगळेच नाहीत. समजा एका योजनेच्या पानावर हा शब्द जुन्या मार्गाने लिहिलाय, तुम्ही नव्या मार्गाने शोधलात, आणि तिथला सर्च साधा आहे. उत्तर येणार, ‘काही सापडले नाही’. शब्द डोळ्यांसमोर आहे आणि फोन म्हणतो नाही! तुम्ही काय समजणार? योजनाच नाही असं.

दुसरी गोष्ट ‘ॲप’ ची. हा शब्द मराठीत कसा लिहायचा? ‘अ’ वर अर्धचंद्र, सोपं आहे. पण या ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला २००८ मध्ये, पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. तोपर्यंत लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र वेगळा टाकायचे. कोणी हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरायचे. आज तिन्ही चालू आहेत. त्यातले दोन दिसायला जुळे, आत परके.

तिसरी गोष्ट छोटी आहे. शाळेत आपण गिरवलेले ‘ल’ आणि ‘श’ आठवा. फोनवर बऱ्याचदा त्यांचं हिंदी वळण दिसतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकूर मराठी आहे हे यंत्राला कळलं तर ते मराठी वळण देतं. पण आपला फोन, आपली वेबसाईट ‘मी मराठी आहे’ हे सांगायलाच विसरते.

आणि खिशाला जाणवणारी एक गोष्ट. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. मराठीत एक जरी चिन्ह आलं की मर्यादा थेट ७० वर येते, आणि काना, वेलांटी, मोडलेला पाय हे सगळे त्यात वेगळे मोजले जातात. म्हणजे ‘हार्दिक’ ने सात जागा खाल्ल्या. हजारो लोकांना मेसेज पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मराठी महाग पडते. मग तो म्हणतो, इंग्रजीतच पाठवू, कळतं सगळ्यांना.

आता मावशीचं उत्तर

प्रमाणपत्र आल्यावर मला राहवलं नाही. त्या रात्री मी तोच फॉर्म उघडला आणि नावं टाकत बसलो. ‘मदन’, गेलं. ‘गगन’, गेलं. ‘छगन’, गेलं. ‘मोहन’ अडलं. ‘गीता’ अडली. ‘कमल’ गेलं, ‘कमला’ अडली.

लक्षात आलं का? ज्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार नाही ते चालतं. बाकी सगळी नावं बाद.

युनिकोड प्रत्येक क्रमांकाबरोबर त्याची जातकुळीही सांगतं. ‘श’, ‘ल’, ‘न’ ही झाली अक्षरं. काना आणि वेलांटी यांची नोंद मात्र वेगळ्या गटात आहे, अक्षराला लागणाऱ्या चिन्हांच्या गटात. आता एखाद्या प्रोग्रॅमरने नावात आकडे किंवा भलतीसलती चिन्हं येऊ नयेत म्हणून तपासणी लावली: प्रत्येक गोष्ट ‘अक्षर’ गटातली आहे का? पायथन या लोकप्रिय भाषेत यासाठी एक तयार आज्ञाच आहे. तिला ‘कमल’ दिलंत तर ती हो म्हणते. ‘शालिनी’ दिलंत तर नाही म्हणते. कारण तिच्या लेखी ‘शालिनी’ मध्ये तीन अक्षरं आहेत आणि तीन उपरी चिन्हं. अहो, तिला ‘मराठी’ हा शब्द दिलात तरी ती म्हणते, ही फक्त अक्षरं नाहीत!

दुरुस्ती किती मोठी? तपासणीत ‘अक्षर किंवा अक्षराला लागणारं चिन्ह’ असं म्हणायचं. एका ओळीचा बदल. तो फॉर्म लिहिणाऱ्याने इंग्रजी नाव टाकून पाहिलं असणार, चाललं, पुढे गेला. मराठी नाव टाकून पाहायला दहा सेकंद लागले असते.

मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? चूक त्या ओळीची होती आणि वाईट मावशीला वाटलं. काम नजरेआड असतं तेव्हा त्याचा तोटा हा असतो: ते बिघडलं की बिघाड कुठे आहे तेही दिसत नाही. दिसतो फक्त समोरचा माणूस. मग तो म्हणतो, “मलाच येत नाही हे.” आणि आपणही ‘इंग्लिशमध्ये टाक ना’ म्हणून मोकळे होतो. मीही झालो. फॉर्म पुढे सरकला, पण नाव मागे राहिलं.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक ८ कोटी ३० लाख. त्यातल्या किती जणांच्या नावात एकही काना-मात्रा नाही? तुमच्या घरातल्यांची नावं आठवून बघा.

मग आपण काय करू शकतो?

भाषण देत नाही. चार साध्या गोष्टी.

एक. तुम्ही कोड लिहीत असाल, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी का होईना, तर नावाचा रकाना तपासताना तीन नावं टाकून बघा: ‘शालिनी’, ‘कऱ्हाडकर’ आणि ‘ज्ञानेश्वर’. काना, वेलांटी, मात्रा, पापणीवाला र, जोडाक्षर, सगळं त्यात येतं. ही तीन गेली तर बहुतेक मराठी घरं आत आली.

दोन. मंडळाचं पत्रक, सोसायटीची नोटीस, ग्रामपंचायतीची माहिती टाईप करत असाल तर युनिकोडमध्येच करा. तपासायची सोपी पद्धत: त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिली तर ठीक. इंग्रजी खिचडा झाला तर समजा, मुखवटावाला फॉन्ट आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला.

तीन. मराठीत शोधून काही सापडलं नाही तर लगेच ‘नाही’ समजू नका. शब्दाचा दुसरा तुकडा टाकून बघा. ‘शेतकऱ्यांसाठी’ च्या ऐवजी नुसतं ‘शेतक’. ‘ॲप’ च्या ऐवजी शेजारचा एखादा शब्द.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरातलं कोणी म्हणालं की “मला जमत नाही”, तर आधी फोन हातात घेऊन बघा काय अडतंय ते. चूक त्यांची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि जिथे अडलं तिथे कळवा. ॲपमध्ये ‘अभिप्राय’ चं बटण असतं, आपण ते कधी दाबत नाही. स्क्रीनशॉट काढा, कुठलं नाव अडलं ते लिहा, पाठवा.

मी पाठवलं. कुठलं नाव चालतं, कुठलं नाही याची यादी आणि ती एक ओळ कशी बदलायची, तेवढंच. बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: दुरुस्ती केली आहे, प्रमाणपत्र नव्याने डाउनलोड करता येईल. मी मावशीला फोन केला आणि म्हटलं, पुन्हा एकदा नाव टाक, मराठीत. ती म्हणाली, “परत नाही म्हणालं तर?” मी म्हटलं, “तर चूक त्यांची, तुझी नाही.” तिने टाकलं. या वेळी लाल ओळ आली नाही. काहीच झालं नाही, फॉर्म गुपचूप पुढच्या रकान्यावर गेला.

खिळा ठोकायला मागच्या रविवारी मीच गेलो होतो.

हा भाग आवडला असेल तर एखाद्या कोड लिहिणाऱ्या मित्राला पाठवा. आणि तुमचं नाव कुठल्या फॉर्मने कधी नाकारलं असेल, तर तो किस्सा व्हॉइस मेसेजवर नक्की सांगा, मराठीत. पुढच्या भागात कीबोर्डबद्दल बोलू: आपण रोमन अक्षरांत ‘काय करतोयस’ लिहितो तेव्हा फोनला ते मराठीत कसं कळतं, आणि कधी कधी भलतंच का कळतं. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूया.